शाळेतल्या ‘चॅपी’शी मुलाने बोलावं का?

प्रश्न : आम्ही ब्रिस्बेनला राहतो. मुलगा सरकारी शाळेत चौथीत आहे. जूनमध्ये सांगलीला माझे वडील गेले, आम्हाला वेळेत पोचता आलं नाही. तेव्हापासून मुलगा मधल्या सुट्टीत शाळेच्या चॅप्लनजवळ, म्हणजे मुलांना आधार द्यायला नेमलेल्या धर्मसेवकाजवळ, जाऊन बसतो. सगळे त्यांना ‘चॅपी’ म्हणतात. माणूस प्रेमळ आहे, पण चर्चचा. सासूबाई विचारतात, सरकारी शाळेत पाद्री कशाला? मी काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, मुलाला आजोबांबद्दल बोलायला कुणीतरी मिळालंय, ते तोडू नका.

मी क्वीन्सलँडच्या सरकारी शाळांत 19 वर्षं शिकवलं. उपाशीपोटी आलेल्या पोरांना सकाळी टोस्ट भाजून देणारे चॅपी मी पाहिलेत. पण माझ्या वर्गातली एक शीख मुलगी तिचं कुत्रं मेलं म्हणून रडत होती, तेव्हा ‘चल, आपण प्रार्थना करू’ म्हणणारे चॅपीही पाहिलेत. वडिलांना ते तीन आठवड्यांनी कळलं. मी मुख्याध्यापकांकडे गेले, तर ‘त्यांचा हेतू चांगला होता’ एवढंच उत्तर मिळालं. हेतू चांगला होताच हो! पण आठ वर्षांची पोर मोठ्या माणसाला ‘नको’ कशी म्हणणार? मला ते अजून सलतं.

म्हणून सासूबाईंचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. इथे ऑस्ट्रेलियात पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने 2007 पासून शाळांतल्या चॅप्लनसाठी केंद्राचे पैसे द्यायला सुरुवात केली. धर्मप्रचाराला मनाई होती, पण चॅप्लन व्हायला धर्मसंस्थेची मान्यता लागायची. टूवुम्बाचे एक पालक, रॉन विल्यम्स, थेट हायकोर्टात (इथलं ते सर्वोच्च न्यायालय) गेले आणि 2012 व 2014 असे दोनदा जिंकले. मात्र कोर्टाने चूक धरली ती पैसे देण्याच्या पद्धतीत. धर्माचा मुद्दा मान्य झाला नाही. मग तेच पैसे राज्यांमार्फत येऊ लागले. मधल्या काळात निधर्मी कार्यकर्ता नेमायची मुभा मिळाली, 2014 मध्ये ती काढून घेतली, आणि 2023 पासून शाळेला पुन्हा निवड करता येते : चॅप्लन किंवा कुठलीही धार्मिक अट नसलेला विद्यार्थी-कल्याण अधिकारी.

तुमच्या हातात आहे ते इथे. पालक संघाच्या, म्हणजे ‘पी अँड सी’च्या बैठकीला जा आणि विचारा, की आपल्या शाळेने ही निवड कधी आणि कुणाला विचारून केली. या चॅपींना घालवा असं म्हणू नका. पुढची नेमणूक सर्वांसाठी खुली ठेवा, एवढं मागा. दुःखातल्या मुलाजवळ बसायला चर्चचं पत्र कशाला लागावं?

त्याआधी चॅपींना स्वतः भेटा. आमच्या घरी वारी आहे, हरिपाठ आहे, प्रार्थना आमची आम्ही करू, असं मोकळेपणाने सांगा. बहुतेक जण ते मनापासून पाळतात. नियमित एकट्याने भेटायचं असेल तर तुमची लेखी संमती लागते, तो कागद मागून घ्या. शाळेतला धार्मिक शिक्षणाचा तास वेगळा असतो; त्यात मुलाचं नाव आहे का, तेही त्याच फेरीत बघा.

आणि आज रात्री आजोबांचा विषय तुम्हीच काढा. सांगलीला आजीला फोन लावून द्या. सासूबाईंनाही जवळ बसवा.