निवृत्त आई-बाबा आणि टाकून दिलेले कुत्रे

इंग्लंडमधील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे की, एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतून निवृत्त झालेले त्यांचे डॉक्टर बाबा काही महिन्यांपासून जवळच्या आश्रयगृहात टाकून दिलेल्या कुत्र्यांना फिरवायला जातात आणि त्यांतलाच एक घरी आणावा असे आता त्यांनी व आईने ठरवले आहे. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, दर हिवाळ्यात पुण्याला मुक्काम असतो आणि उद्या काही झाले तर कुत्र्याचे काय, या विचाराने मुलांचा विरोध आहे.

ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण तेवढ्यासाठी बाबांना अडवू नका. रुग्ण पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना निवृत्तीनंतर नुसता विरंगुळा पुरत नाही. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव त्यांना हवी असते. वाचन, बागकाम, महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम हे सारे चांगलेच आहे, पण ते एखादा दिवस चुकले तरी कोणाचे काही बिघडत नाही. कुत्र्याला मात्र पाऊस असो वा गुडघा दुखत असो, सकाळी बाहेर न्यावेच लागते.

माझा आग्रह इतकाच, की कुत्रा एकदम दत्तक न घेता आधी फॉस्टरिंग करावे, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत त्याला आपल्याकडे सांभाळावे. १८९१ साली स्थापन झालेल्या डॉग्ज ट्रस्टसारख्या संस्था अशा कुत्र्यांच्या खाण्याचा आणि औषधोपचाराचा खर्च स्वतः करतात. दिवसभर घरी असणारी निवृत्त माणसे या कामाला विशेष योग्य ठरतात, आणि एक कुत्रा मार्गी लागल्यावर दुसरा केव्हा घ्यायचा हे आपल्या हाती राहत असल्याने पुण्याचा मुक्कामही सुटत नाही. याच संस्थेचा ‘फ्रीडम प्रोजेक्ट’ हा उपक्रम तर मला फार मोलाचा वाटतो. घरगुती अत्याचारातून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीला बहुतेक निवाऱ्यांत कुत्रा नेता येत नाही, म्हणून कित्येक जणी घर सोडायलाच कचरतात; त्यांचा कुत्रा काही महिने गुप्तपणे सांभाळणे म्हणजे एका माणसाचीही सुटका करणे होय.

पुढे दत्तक घ्यायचेच झाले, तर शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडचा विचार जरूर करावा. ग्रेहाउंड ट्रस्ट ही संस्था १९७५ पासून या कुत्र्यांना घरे मिळवून देत आहे. शर्यतीचा कुत्रा म्हणजे धावाधाव, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याला दिवसातून दोनदा थोडे फिरवले की पुरते आणि उरलेला बराचसा वेळ तो झोपून काढतो. मात्र त्याचे आयुष्य कुत्र्यांच्या कोठडीत गेलेले असल्याने जिना, काचेचे दार, व्हॅक्यूम क्लीनर या गोष्टी त्याला ठाऊकच नसतात, त्यामुळे पहिले काही आठवडे फार धीराने घ्यावे लागतात. मांजर दिसताच तो झेप घेऊ शकतो. पंचवीस-तीस किलोच्या कुत्र्याचा असा झटका वयस्क माणसाला सहज पाडतो. म्हणून छातीभोवती बांधायचा हार्नेस वापरावा, पट्टा मनगटाला गुंडाळून धरू नये आणि संस्थेने सांगितले असेल तर बाहेर मुसके घालावे.

घरातल्या काही गोष्टी आईंच्या कानावर आधीच घाला. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो, त्यामुळे उरलेली भाजी-आमटी मायेने त्याच्या भांड्यात घालता येणार नाही. बेदाणे आणि द्राक्षे तर मूत्रपिंड निकामी करू शकतात, तेव्हा प्रसादाचा शिराही नको. ब्रिटनमध्ये दिवाळीचे आणि पाच नोव्हेंबरच्या ‘बॉनफायर नाइट’ या तिथल्या उत्सवाचे फटाके बहुधा मागेपुढेच येतात. त्या दिवसांत कुत्र्याला अंधार पडण्यापूर्वी फिरवून आणावे, पडदे ओढावेत आणि त्याला घरात एकटे ठेवू नये, मग मंडळाचा फराळाचा कार्यक्रम दोघांपैकी एकाला चुकवावा लागला तरी चालेल.

आपल्यानंतर काय, या प्रश्नाचीही सोय आहे. मालक गेल्यास किंवा गंभीर आजारी पडल्यास कुत्र्याची जबाबदारी घेणारे ‘कॅनाइन केअर कार्ड’ डॉग्ज ट्रस्ट विनामूल्य देते. १९८५ साली स्थापन झालेल्या सिनॅमन ट्रस्टचे स्वयंसेवक वृद्ध मालकांचे कुत्रे फिरवतात आणि मालक रुग्णालयात असताना ते सांभाळतातही. दत्तक घेतल्याच्या आठवड्यातच हे कार्ड मागवावे आणि इच्छापत्रातही तशी तरतूद करावी. बाबा डॉक्टर आहेत, असे विषय त्यांच्यापुढे काढताना संकोच करण्याचे कारण नाही.

यंदाची पुण्याची तिकिटे काढलेली असतील, तर परत आल्यावरच नाव नोंदवावे. घर पाहायला संस्थेची माणसे येतील तेव्हा तुम्हीही तेथे असा, कारण आई-बाबा आजारी पडल्यास पहिले दोन दिवस कुत्र्याकडे कोण पाहणार, याचे उत्तर तुमच्यापैकीच कोणीतरी द्यायचे आहे.