न्यूयॉर्कमध्ये कागदपत्रांविना जेवणाची डिलिव्हरी करणारे चिनी कामगार पिळवणूक सोसून तिथेच का राहतात?

एवढे हाल होत असताना हे लोक तक्रार का करत नाहीत आणि मायदेशी का परतत नाहीत, असे आपण विचारले आहे. परतीची वाट कर्जाने अडवलेली असते. 1993 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या रॉकअवे किनाऱ्यावर ‘गोल्डन व्हेंचर’ हे, बहुतेक चिनी अशा 286 प्रवाशांना चोरून आणणारे जहाज रुतले आणि दहा जण प्राणाला मुकले. या प्रवासासाठी दलालांना माणशी 30 हजार डॉलरच्या घरात रक्कम कबूल केलेली होती, हे तेव्हा उघड झाले. असे पैसे बहुधा नातेवाइकांकडून व्याजाने उचललेले असतात. शिवाय 1996 च्या कायद्यानुसार वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहिलेला माणूस देशाबाहेर पडला, तर त्याला दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही.

तक्रारीविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. क्वीन्समधल्या एल्महर्स्टला राहत असताना आमच्या शेजारी चीनच्या फूज्यान प्रांतातल्या छांगलचे, डिलिव्हरीचे काम करणारे एक गृहस्थ राहत. एका खोलीत प्लायवूडचे आडोसे घालून चौघे भाडेकरू होते. मुलगा तान्हा असतानाच त्यांनी त्याला गावी आजीआजोबांकडे पाठवले होते, कारण नवराबायको दोघांच्याही कामाच्या वेळांत त्याला सांभाळणार कोण? हिवाळ्यात ते बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून चिकटपट्टीने घट्ट बांधत आणि सायकल घेऊन बाहेर पडत. एका रात्री बर्फावरून सायकल घसरली आणि त्यांचे मनगट मोडले. मालकाने सांडलेल्या ऑर्डरची किंमत पगारातून कापली आणि उरलेला पगारही अडवला. वर, फार बोललास तर इमिग्रेशनला कळवीन, असा दम भरला.

गृहस्थांनी मेन्यूच्या पत्रकांच्या पाठीवर रोजचा हिशेब ठेवला होता. दर डिलिव्हरीला एक रेघ, पाच रेघा झाल्या की एक चिनी अक्षर पुरे, आणि बाजूला कामाचे तास. त्यांच्या शाळकरी भाचीला दुभाषी करून आम्ही त्यावरून सगळा तक्ता तयार केला. कामगारांच्या एका संघटनेने तो पत्रासोबत पाठवल्यावर मालकाने अडवलेल्या पैशांपैकी बरेचसे दिले, सगळे नाही.

हे मी न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला की जो कायदा मोडून आला, त्याला कायद्याचे संरक्षण कसले? मला हे म्हणणे तेव्हाही चुकीचे वाटले आणि आजही वाटते. अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा केलेल्या कामाचे पैसे मागणाऱ्याची कागदपत्रे पाहत नाही, आणि न्यूयॉर्क राज्यात कामावर झालेल्या इजेची भरपाईही अशा कामगाराला मिळू शकते. मॅनहॅटनमधल्या ‘सायगॉन ग्रिल’ या रेस्टॉरंटचे डिलिव्हरी कामगार, बहुतेक फूज्यानचेच, तासाला दोन डॉलरहूनही कमी मजुरीवर राबत होते, 2008 मध्ये न्यायालयाने त्यांपैकी 36 जणांना सुमारे 46 लाख डॉलर मंजूर केले. हे संरक्षण काढून घेतले, तर ज्याच्याकडे कागदपत्रे नाहीत तोच मालकाला सर्वांत स्वस्त पडेल आणि त्याची झळ कायदेशीर कामगारालाही लागेल.

भीती तरीही खोटी नाही. एप्रिल 2005 मध्ये ब्राँक्समधल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये एक चिनी डिलिव्हरी कामगार 81 तास अडकून पडला. सुटका झाली आणि त्याच बातम्यांतून त्याच्याकडे कागदपत्रे नसल्याचेही जगजाहीर झाले. असे पाहिलेला माणूस कोणत्याही कचेरीची पायरी सहज चढत नाही.

सगळेच मालक असे नसतात. कित्येक स्वतः याच मार्गाने आलेले आणि सायकल चालवलेले आहेत. मी वकीलही नाही, त्यामुळे प्रत्यक्ष प्रकरणात कामगार संघटनेचा सल्ला आधी घ्यावा. आपल्या ओळखीत असा कोणी असेल, तर त्याला रोजचे तास लिहून ठेवायला सांगा आणि टिप रोख, त्याच्या हातातच द्या.

माझा भाऊ अजूनही म्हणतो की आपण रांगेत उभे राहून आलो. आम्ही आलो ते पदवीच्या आणि कंपनीच्या पत्राच्या बळावर. आमचे आजोबा रत्नागिरीहून गिरणीत आले, तेव्हा त्यांच्याकडे यातले काहीच नव्हते, आणि मुंबईने त्यांना व्हिसा विचारला नाही. छांगलच्या त्या शेजाऱ्याने कोणत्या रांगेत उभे राहायचे होते, हे भावाने मला एकदा सांगावे.