किडनीच्या रुग्णाचं खाणं मोबाइल अ‍ॅपमध्ये नोंदवून उपयोग होतो का?

होतो, पण अ‍ॅपचा कुठला आकडा खरा धरायचा हे आधी कळायला हवं. तुमच्या वडिलांना डॉक्टरांनी सोडियम आणि पोटॅशियम सांभाळायला सांगितलंय, म्हणून मुख्यतः त्या दोन घटकांबद्दलच लिहिते. माझ्या सासूबाई डायलिसिसवर आहेत, त्यांच्या खाण्याची नोंद मी ठेवते.

सगळ्यात फसवं पोटॅशियम. बऱ्याच अ‍ॅपमधल्या नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. त्यात कॅलरी, प्रथिनं असतात. पोटॅशियमचा रकाना रिकामा. बेरीज करताना तो शून्य धरला जातो आणि दिवसाचा आकडा उगाच कमी दिसतो. पाकिटावरही सोडियम छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे, पोटॅशियम नाही. त्यामुळे मी 'आमटी, १ वाटी' अशी तयार नोंद घेतच नाही. डाळ, टोमॅटो, मीठ काट्यावर तोलून आमच्या घरची आमटी अ‍ॅपमध्ये एकदा घातली, शिजल्यावर पूर्ण आमटीचं वजन लिहिलं. आता फक्त वाटीतली आमटी तोलायची. कच्च्या जिन्नसांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांतून घेते. त्यात आपले ५२८ पदार्थ आहेत.

सोडियम त्यामानाने सोपं. १ ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. लोणचं आणि पापड मात्र वेगळे नोंदवा, पापडखारातही सोडियमच असतं.

भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं, की पोटॅशियम बरंच उतरतं. अ‍ॅपला हे कळत नाही, म्हणून मी नोंदीपुढे 'पाणी काढलं' असं लिहून ठेवते. आणि एक कळकळीने सांगते: 'लो सोडियम' मीठ घरात आणू नका. अ‍ॅपमध्ये सोडियम कमी दिसेल, पण त्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं आणि किडनीच्या रुग्णाला ते धोक्याचं ठरू शकतं.

मर्यादा ओलांडली की अ‍ॅपमध्ये दिसणारे लाल आकडे वडिलांना रोज दाखवू नका. म्हातारी माणसं धसका घेतात आणि जेवणच कमी करतात. डायलिसिस सुरू असेल तर प्रथिनं उलट जास्त लागतात, नसेल तर प्रमाण वेगळं असतं. ते आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या. त्यांच्याकडे जाताना रक्ताच्या रिपोर्टसोबत तपासणीआधीच्या आठवड्याची नोंद न्या. पोटॅशियम वाढलेलं असलं, तर नेमका कोणता पदार्थ कमी करायचा ते त्यांना त्यावरून सांगता येतं.