‘स्वायत्त’ म्हणजे ‘अनैच्छिक’ नव्हे

प्रश्न असा आहे : हृदय, आतडी, ग्रंथी यांचे नियमन करणाऱ्या चेतासंस्थेला पाठ्यपुस्तकांत ‘स्वायत्त’ म्हटलेले असते, तर काही लेखांत तिलाच ‘अनैच्छिक’ किंवा ‘स्वयंचलित’ म्हणतात; हे तीन शब्द समानार्थी समजावेत का, आणि भीतीच्या प्रसंगी शरीराला सज्ज करणाऱ्या तिच्या विभागाला ‘अनुकंपी’ असे दयाळू नाव का पडले?

माझ्या मते तिन्ही शब्द वेगळे ठेवावेत. ‘आयत्त’ म्हणजे अधीन. जे दैवाच्या हाती असते ते दैवायत्त, त्याच चालीवर जे स्वतःच्याच अधीन असते ते स्वायत्त. ‘ऑटोनॉमिक’ ही मूळ संज्ञा केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी १८९८ मध्ये रूढ केली. तिच्यातील ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम. मराठीत स्वायत्त संस्था रोजचा कारभार आपला आपण पाहते, पण वरच्या सत्तेशी असलेला तिचा संबंध तुटत नाही. हीच छटा येथे नेमकी लागू पडते, कारण ही चेतासंस्था आपल्या इच्छेची वाट पाहत नसली, तरी हायपोथॅलॅमस (मेंदूच्या तळाशी असलेले नियंत्रणकेंद्र) आणि मस्तिष्कपुच्छ (मेंदूचा मेरुरज्जूला जोडलेला सर्वांत खालचा भाग) यांच्या देखरेखीखालीच काम करते.

‘स्वयंचलित’ हा शब्द का पुरत नाही, हे हृदयाकडे पाहिल्यावर कळते. हृदयातील नैसर्गिक पेसमेकरला चेतांपासून पूर्ण मोकळे सोडले, तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. म्हणजे खरे स्वयंचलित असे जर काही असेल, तर ते हृदयच. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मात्र बहुधा ७०च्या आसपास असते, कारण व्हेगस ही दहावी मस्तिष्क-चेता त्या गतीला सतत आवर घालत असते. आपण अंथरुणातून उठून उभे राहतो, तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरते आणि रक्तदाब घसरू लागतो. मानेतील व हृदयालगतच्या महाधमन्यांमधील संवेदक ती घसरण टिपून मस्तिष्कपुच्छाला कळवतात आणि काही सेकंदांतच व्हेगसचा आवर सैल होतो, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. याला नुसते आपोआप चालणे म्हणता येणार नाही. परिस्थिती पाहून केलेले हे नियमन आहे.

‘अनैच्छिक’ची अडचण उलटी आहे : तो शब्द फार सैल पडतो. गुडघ्याखाली हातोडीचा हलका ठोका दिल्यावर पाय उडतो, तो इच्छेविना. पण ती क्रिया कंकाल स्नायूंची, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूंची, असल्यामुळे स्वायत्त चेतासंस्थेकडे मोडत नाही. श्वासाचे तर आणखी विलक्षण आहे. झोपेतही तो चालू राहतो आणि मनात आणले तर काही काळ रोखताही येतो. श्वासपटल हलवणाऱ्या चेता मात्र स्वायत्त नाहीत.

येथे मराठीच्या वाक्यरचनेकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. ‘मी हात उचलला’ या वाक्यात ‘मी’ कर्ता आहे. ‘मला घाम फुटला’, ‘तोंडाला पाणी सुटले’, ‘अंगावर काटा आला’ या वाक्यांत मात्र कर्ता घाम, पाणी, काटा हा आहे, आणि ज्याच्या शरीरात हे सारे घडते तो ‘मला’ म्हणून बाजूला उभा आहे किंवा वाक्यात नाहीच. श्वासाला तर भाषेने दोन्ही रचना दिल्या : ‘मी श्वास रोखला’ आणि ‘मला धाप लागली’. तरीही या रचनेचा अर्थ फार ताणू नये, कारण ‘मला ठसका लागला’, ‘मला ठेच लागली’ हेही आपण तसेच म्हणतो. व्याकरण येथे अनैच्छिकता दाखवते, स्वायत्तता नव्हे, आणि म्हणूनच शास्त्रीय लेखनात निराळ्या संज्ञेची गरज भासते.

आता ‘अनुकंपी’विषयी. एका अवयवाचे दुखणे दुसऱ्याला जाणवते, ते चेतांमधून चालणाऱ्या सहवेदनेमुळे, अशी जुन्या वैद्यांची समजूत होती. तिला अनुसरून पॅरिसमधील शरीररचनाशास्त्रज्ञ विन्स्लो यांनी १७३२ मध्ये ‘सिंपथेटिक’ हे नाव वापरले आणि समजूत मागे पडल्यावरही नाव टिकले. संस्कृतात ‘अनुकंप्’चा शब्दशः अर्थ दुसऱ्याबरोबर कंप पावणे असा आहे, दया हा त्यावरून आलेला अर्थ. तेव्हा मराठी प्रतिशब्द मुळाशी प्रामाणिक आहे. फक्त तो वाचताना दयेपेक्षा कंप आठवावा.

‘परानुकंपी’ (पॅरासिंपथेटिक) या स्वायत्त चेतासंस्थेच्या दुसऱ्या विभागाच्या नावाबाबत अधिक जपावे लागते; व्हेगस याच विभागातली. लँग्ली यांनी १९०५ मध्ये योजलेल्या मूळ शब्दातील ‘पॅरा’ म्हणजे शेजारचा. अनुकंपी चेता छाती आणि कंबर या भागांतील मेरुरज्जूतून निघतात, तर परानुकंपी चेता त्यांच्या वर मस्तिष्कस्तंभातून (मेंदूच्या खालच्या देठासारख्या भागातून) आणि खाली मेरुरज्जूच्या त्रिकास्थी-भागातून, म्हणजे त्याच्या खालच्या टोकाकडून. मराठी वाचकाला मात्र ‘पराभव’, ‘पराङ्मुख’ या शब्दांच्या सवयीमुळे ‘परा’मध्ये उलटेपणाचा भास होतो. डोळ्याच्या बाहुलीपुरता तो खराही ठरतो, कारण अनुकंपी चेता ती मोठी करतात आणि परानुकंपी लहान. पण घर्मग्रंथींना परानुकंपी चेतांचा पुरवठाच नाही. घाम थांबतो, तो अनुकंपी चेतांचे संदेश ओसरल्यामुळे.