अहवालातले प्रश्नचिन्ह

“मॅडम, एवढे पैसे भरून एमआरआय केला, तरी डॉक्टरांनी प्रश्नचिन्हच लिहिलंय. म्हणजे आजार त्यांना कळलाच नाही का?” सोलापुरातल्या साखर पेठेतून आलेल्या एका सुनेने हे विचारले, तेव्हा तिच्या हातात फिल्मचे मोठे पाकीट होते आणि अहवालातल्या ‘बुरशीजन्य संसर्ग?’ या शब्दांखाली तिने पेनाने दोनदा रेघ ओढली होती. सासरे यंत्रमाग कामगार, मधुमेह जुना. गाल बधिर झाला, डोळा सुजला, तरी दाताचे दुखणे समजून आठवडा गेला होता.

२०२१ मधल्या म्युकरच्या, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या, साथीपासून हा प्रश्न मी अनेक नातेवाइकांकडून ऐकला आहे आणि त्यामागची भीती मला रास्त वाटते. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. एमआरआयच्या वेळी चित्र उठावदार करणारे औषध टोचल्यावर नाकातला जिवंत भाग चित्रात उजळतो. इथे एका बाजूचा भाग काळाच राहिला होता, कारण ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते. सीटी स्कॅनमध्ये सायनसचे हाड झिजलेले दिसत होते आणि एमआरआयमध्ये त्याच्या लगतच, कपाळामागच्या मेंदूत डाग होता. संसर्ग कोणत्या वाटेने आला आणि कुठवर पोहोचला, हे चित्राने स्पष्ट सांगितले होते. मात्र मेंदूतला तसाच डाग क्षयाच्या गाठीचा किंवा जिवाणूंच्या गळूचाही असू शकतो, त्यामुळे बुरशीचे नाव पक्के करायला नाकातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो. ते प्रश्नचिन्ह डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाचे होते, हे मी तिला ठामपणे सांगितले. (क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीत तर एमआरआय जवळजवळ निर्दोष येऊ शकतो आणि निदान पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीतून होते.)

“मग तोवर नुसतं थांबायचं?” थांबायचे मुळीच नव्हते. तुकड्याचा अहवाल येण्याआधीच अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध सुरू झाले होते, ज्यात किडनीवर लक्ष ठेवावे लागते, आणि शस्त्रक्रियेची तयारी चालली होती. पुन्हा एमआरआय करावा लागेल, या गोष्टीने ती जास्त घाबरली होती. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात आणि औषधाचा गुण येतो आहे की नाही, हे जुन्या चित्राशेजारी नवे ठेवल्यावर नीट कळते, हे समजल्यावर तिचा आवाज खाली आला.

तिने पाकीट उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर डॉक्टरांसाठी तीन प्रश्न लिहिले: किडनीची तपासणी किती दिवसांनी, साखर किती हवी, पुढचा एमआरआय कधी.