माशीचं नाक समजून घ्यायचं असेल तर

भाऊ, सगळा मेंदू एकदम समजून घ्यायला जाऊ नको. एकच वास धर आणि त्याचा माग काढ. मी म्हणेन, जिओस्मिन घे. आपल्या काळ्या मातीवर पहिला पाऊस पडला की जो वास सुटतो, त्यात तेच असतं. आपल्याला तो आवडतो. ड्रोसोफिला, म्हणजे पिकल्या फळांवरची बारीक माशी, मात्र त्यापासून दूर पळते, कारण तिच्यासाठी तो अपायकारक बुरशीचा इशारा आहे. (वरुडकडे गळलेल्या संत्र्यांवर घोंगावणारी चिलटं बघ, त्यांतच ती सापडेल.)

मिशीवरच्या एकाच जातीच्या पेशी हा वास ओळखतात. त्यांचे धागे मेंदूतल्या एकाच गोळ्यात, ग्लोमेरुलसमध्ये, जमतात. असे गोळे सुमारे ५०. तिथून एक वाट उपजत वागणुकीकडे जाते, दुसरी मश्रूम बॉडीकडे, म्हणजे शिकण्याकडे.

या दुसऱ्या वाटेवर निवांत थांब. मश्रूम बॉडीत प्रत्येक बाजूला सुमारे २००० पेशी, त्यांना केनियन पेशी म्हणतात, पण एका वासाला त्यातल्या शेकडा ५ ते १० जाग्या होतात. एपीएल नावाची एकच मोठी पेशी बाकीच्यांना गप्प ठेवते, म्हणून जवळजवळचे दोन वासही माशी वेगळे लक्षात ठेवू शकते. मला तर सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

फ्लायवायर या प्रकल्पाने बनवलेला माशीच्या मेंदूचा नकाशा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघड आणि डीए२ या जिओस्मिनच्या ग्लोमेरुलसपासून सुरुवात कर.