जुन्या अमेरिकन चमच्यावर ‘स्टर्लिंग’ छाप नाही. तो चांदीचा असेल का?

हो, असू शकतो. दांड्याच्या मागे ‘कॉइन’, ‘प्युअर कॉइन’ किंवा नुसतं सोनाराचं नाव ठोकलंय का, ते भिंगातून बघा. अमेरिकेत १८६०च्या दशकापर्यंत चमचे बहुतेक नाण्यांच्या दर्जाच्या, म्हणजे साधारण ९० टक्के चांदीचे घडवत, ९२.५ टक्क्यांचं स्टर्लिंग नंतर रुळलं. मी असे चमचे जमवते. ते पातळ, हलके असतात आणि उजव्या हाताने वर्षानुवर्षं वापरून चमच्याच्या खोलगट भागाचं टोक डावीकडे झिजलेलं असतं. ही झीज कृपा करून घासून काढू नका, चमच्याचा जीव तीच! मात्र देशभर सक्तीची शुद्धता-तपासणी नव्हती, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नका, सराफाकडून कस तपासून घ्या. ‘ईपीएनएस’ (निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेली चांदी) दिसलं तर मुलामाच.